संगणक घेताना आधी प्रोसेसर पाहा
डावपेचांच्या खेळासाठी आणि दुकानाच्या हिशेबासाठी मशीन निवडताना

या पानावर आम्ही आजवर कापडाच्या धंद्याबद्दलच लिहीत आलो. सुरतेचा माल, लग्नसराईची खरेदी, उधारीची वसुली हे आमचे विषय. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि इंग्रजी मालाच्या लेबलापुरतेच येते. तेव्हा संगणकावर लिहिण्याचा आमचा अधिकार मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु एका संगणकापायी आमचे जे नुकसान झाले, ते दुसऱ्या दुकानदार किंवा कारागीर बंधूचे होऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि नंदुरबार, शहादा, नवापूरच्या लहान दुकानांतूनही संगणक ठेवावा लागला. आता घरात मुले म्हणतात की, जुने मशीन खेळाला चालत नाही, नवे घ्या. वडीलधारे म्हणतात, दुकानाचे काम आणि मुलांचा खेळ एकाच मशीनवर होऊ द्या. विचार रास्त आहे. आम्हीही तोच केला. चूक झाली ती निवडीत.

आमचे काय झाले

आमचा भाचा बारावी पास झाला, तेव्हा त्याला संगणक द्यायचा आम्ही शब्द दिला होता. त्याला 'एज ऑफ एम्पायर्स ४' हा खेळ खेळायचा होता. हा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाला. त्यात आरंभीच्या आठ राजवटींमध्ये दिल्ली सल्तनतही आहे. सल्तनतीला विद्या व तंत्रे फुकट मिळतात, पण त्यांना वेळ फार लागतो. मशिदीत विद्वान बसवले की ते काम लवकर होते. भाचा हे सांगू लागला तेव्हा आम्हालाही गंमत वाटली.

आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, "शेठ, आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम आहे, ४ जीबीचे कार्ड आहे. डोळे झाकून घ्या." आम्ही डोळे झाकले. ३८,००० रुपये दिले.

घरी आल्यावर पहिली दहा मिनिटे खेळ छान चाले. चाळीस मिनिटांनी, दोन्हीकडची फौज वाढली की चित्र अडखळू लागे. घोडेस्वार दोन पावले चालत, थांबत, पुन्हा चालत. भाचा सुरत आणि मालेगावच्या मावसभावांबरोबर खेळे, तेव्हा त्यांचाही खेळ रखडे आणि सगळे त्यालाच बोल लावत. आम्ही विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, कार्ड लहान पडते, मोठे घ्या. आम्ही १९,००० रुपयांचे ८ जीबीचे कार्ड घेतले. अडखळणे जसेच्या तसे राहिले.

एकूण ५७,००० रुपये गेले. साडीमागे किती नफा सुटतो हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. भाचा तर खेळायलाच बसेना. आमच्यामुळे मामूंचे पैसे बुडाले, असे त्याच्या मनाने घेतले होते.

दोष कसा सापडला

पुढे अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा घरी आला. त्याने काही उघडले नाही की काही बदलले नाही. त्याने जुनी साठवलेली लढाई, मोठी फौज असलेली, सुरू केली आणि खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणला. म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी केले. खेळ तितकाच अडखळत राहिला.

तो म्हणाला, "मामू, कार्डाचा दोष असता तर चित्र लहान केल्यावर खेळ धावला असता. दोष प्रोसेसरचा आहे."

ही परीक्षा प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तिला पैसा लागत नाही. चित्र लहान केल्यावर खेळ सुधारला तर कार्ड कमी पडते. सुधारला नाही तर बहुधा प्रोसेसर कमी पडतो. नवे कार्ड घेण्याआधी पाच मिनिटे ही परीक्षा केली असती, तर आमचे १९,००० रुपये त्या वेळी वाचले असते.

मग त्याने आमच्या 'आय-सेव्हन'चा पूर्ण नंबर वाचला. तो चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा निघाला.

हा खेळ प्रोसेसरवर का पडतो

गोळीबाराच्या किंवा मोटारींच्या शर्यतीच्या खेळात मुख्य काम चित्र काढण्याचे असते आणि ते ग्राफिक्स कार्ड करते. डावपेचांच्या खेळात हिशेब मोठा असतो. 'एज ऑफ एम्पायर्स ४' मध्ये एका खेळाडूला साधारण २०० माणसे ठेवता येतात आणि आठ जण एकत्र खेळू शकतात. म्हणजे १६०० पर्यंत माणसे. प्रत्येकाने कोणत्या वाटेने जायचे, समोर भिंत आली तर कुठून वळायचे, कोणावर वार करायचा, हे सगळे दर क्षणी मोजावे लागते. ही मोजणी प्रोसेसर करतो. म्हणूनच खेळ सुरुवातीला हलका असतो आणि शेवटी जड होतो. दुकानात पाच मिनिटे चालवून पाहिला तर काहीच कळत नाही.

मित्रांबरोबर खेळताना आणखी एक गोष्ट असते. १९९७ च्या पहिल्या एज ऑफ एम्पायर्सच्या वेळी फोनच्या तारेवरचे इंटरनेट फार मंद होते. म्हणून त्याच्या कर्त्यांनी अशी रचना केली की सैनिकांची माहिती तारेवरून पाठवायचीच नाही, फक्त हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक संगणकाने सगळी लढाई आपापल्या घरी मोजायची. युक्ती उत्तम, पण तिची किंमत अशी की सगळ्यांना सर्वांत मंद संगणकाबरोबर चालावे लागते. काफिल्यात सर्वांत थकलेल्या उंटाची चाल तीच सर्वांची चाल होते, तसे. याच कारणाने 'एज ऑफ एम्पायर्स २' च्या २०१९ च्या नव्या आवृत्तीत क्रमवारीचे सामने खेळण्याआधी संगणकाची परीक्षा घेतली जाते आणि १००० गुण मिळवावे लागतात. मावसभाऊ उगीच बोल लावत नव्हते.

एक कटर आणि आठ शिलाईवाले

विक्रेत्याने फोनवर आम्हाला सांगितले होते की, "तुमचा प्रोसेसर निम्माही वापरात नाही, स्क्रीनवर चाळीस टक्के दिसतो आहे." आकडा खरा होता. पण त्याचा अर्थ चुकीचा होता.

शिलाईच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. एक कटर मास्तर आणि आठ शिलाईवाले आहेत. मास्तर कापड कापून देईल तेव्हाच बाकीचे शिवणार. मास्तर हळू असेल तर आठही जण मशीनवर हात ठेवून बसतात. बाहेरून पाहणारा म्हणेल, निम्मे कारागीर रिकामे आहेत, कारखान्यात कामच नाही. खरे तर मास्तर घामाघूम झालेला असतो. आणखी चार शिलाईवाले ठेवले तरी माल जास्त निघणार नाही. मास्तर चपळ हवा.

प्रोसेसरमधल्या कारागिरांना 'कोअर' म्हणतात. डावपेचांच्या खेळात बरेचसे मुख्य काम एकाच कोअरवर पडते, कारण एक हिशेब झाल्याशिवाय पुढचा करता येत नाही. चार कोअर आणि आठ धाग्यांच्या प्रोसेसरमध्ये एक धागा पूर्ण भरला तरी एकूण आकडा फक्त साडेबारा टक्के दिसतो. सबब, एकूण टक्केवारीवर भरवसा ठेवू नये. एकट्या कोअरचा वेग चांगला पाहिजे. कोअर सहा असले तर पुरेत.

नंबर कसा वाचावा

आपल्या धंद्यात थानावर गुप्त अक्षरांत खरेदीचा भाव लिहिलेला असतो. प्रोसेसरचा नंबरही तसाच वाचायला शिकावे. 'आय५' किंवा 'आय७' हे नुसते घराण्याचे नाव आहे. खरी ओळख पुढच्या आकड्यात आहे. आय७-४७७० मध्ये पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. आय५-१२४०० मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. हा आय५ त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. तरी नाव ऐकून गिऱ्हाईक आय७ कडेच वळते, आणि जुना माल विकणाऱ्याला तेवढेच पुरते.

शेवटचे अक्षरही पाहावे. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर त्यात चित्र काढण्याची सोय नाही, कार्ड वेगळे घ्यावेच लागते. लॅपटॉपमध्ये 'यू' असेल तर तो कमी वीज खाणारा, म्हणून दमाने चालणारा. एएमडीच्या रायझनमागे 'जी' असेल तर चित्राची सोय बऱ्यापैकी असते. 'एक्स३डी' असेल तर प्रोसेसरच्या पोटातच मोठी जागा दिलेली असते, तिला 'कॅश' म्हणतात. मास्तराच्या हाताशी असलेली कैची, खडू आणि टेपची पेटी समजा. पेटी मोठी असेल तर त्याला उठावे लागत नाही. साध्या रायझन ५ ५६०० मध्ये ही जागा ३२ एमबी आहे, तर रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी. डावपेचांच्या खेळांना याचा फायदा चांगला होतो, पण मालही महाग असतो.

जुन्या पिढीचा दुसरा तोटा दुकानाला बसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. ज्या मशीनवर बँकेचे आणि जीएसटीचे काम करायचे, त्यावर सुरक्षेची भर बंद झालेली पद्धत ठेवणे म्हणजे गल्ल्याचे कुलूप मोडके ठेवणे होय.

बाकीचे भाग

रॅम म्हणजे दुकानाची गादी. जितकी मोठी, तितके थान एका वेळी उलगडता येतात. 'एज ऑफ एम्पायर्स ४' ला कमीत कमी ८ जीबी लागते आणि १६ जीबीची शिफारस आहे. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्या, कारण माल दोन दारांनी आत येतो. वेगळे कार्ड नसेल तर हा फरक फार जाणवतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा भाव दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय सौदा करू नये.

साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. ती गोदाम आहे. एसएसडीने खेळ लवकर उघडतो, बिलिंगचे काम लवकर सुरू होते. मात्र लढाई चालू असतानाचे अडखळणे तिने जात नाही. एकट्या या खेळाला ५० जीबी जागा लागते, म्हणून ५०० जीबीपेक्षा कमी घेऊ नये.

ग्राफिक्स कार्ड शेवटी निवडावे. पडद्याच्या आकारावर ते ठरते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ठिपके असतात. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्यावर सुमारे ८३ लाख. चौपट ठिपके, चौपट काम. साधा पडदा असेल तर मध्यम कार्ड पुरते. डावपेचांच्या खेळात सेकंदाला ६० चित्रे निघाली तर उत्तम आणि ४० स्थिर निघाली तरी डाव नीट खेळता येतो.

अपवादही सांगितला पाहिजे. 'टोटल वॉर' सारख्या खेळांत हजारो सैनिक जवळून पाहता येतात, तेथे कार्डही जबर लागते. उलट 'सिव्हिलायझेशन ६' हा आळीपाळीने खेळायचा खेळ आहे. तेथे कार्ड साधे चालते, परंतु प्रोसेसर मंद असेल तर प्रत्येक डावानंतर वाट पाहत बसावे लागते. गिऱ्हाईक पाहून कापड दाखवावे, तसे खेळ पाहून मशीन घ्यावे.

आपल्या भागातले तीन शत्रू

पहिला शत्रू उन्हाळा. नंदुरबारात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि खेळ पुन्हा अडखळतो. पेटीला पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाण्यास पंखे असावेत. काचेची बंद पेटी दिसायला छान, पण आपल्या हवेला योग्य नाही.

दुसरा शत्रू कापडाचे रोवे. कापडाच्या दुकानात किंवा शिलाईच्या खोलीत पंख्यांवर रोव्यांचा थर बसतो. आम्ही चार महिन्यांनी पेटी उघडली तर आत कापूस पिंजल्यासारखे निघाले. जाळीची पेटी घ्यावी, ती जमिनीवर ठेवू नये आणि दर महिन्याला वीज बंद करून मऊ ब्रशने साफ करावी.

तिसरा शत्रू वीज. प्रोसेसर, कार्ड, पडदा मिळून मध्यम मशीन खेळताना ३०० वॉटच्या आसपास खाऊ शकते. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच झेपतो, म्हणजे तो काठावरच राहतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्यावा. पेटीतला पॉवर सप्लाय बिननावाचा घेऊ नये. तो बिघडला तर एकटा जात नाही, बाकीचे भागही घेऊन जातो.

लॅपटॉप घ्यावा का

वीज जाते म्हणून लॅपटॉप बरा वाटतो. पण एकाच नावाच्या कार्डाचे वजन दोन लॅपटॉपमध्ये वेगळे असते. उदाहरणार्थ, आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचे कार्ड कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवते. नाव तेच, ताकद वेगळी. एकाच छापाची साडी पातळ आणि जाड दोन्ही कापडांत यावी तसे. लॅपटॉप घ्यायचाच तर किती वॉटचे कार्ड, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. ज्याला जागा बदलायची नाही, त्याने डेस्कटॉपच घ्यावा. त्याचा एखादा भाग पुढे बदलता येतो.

पक्के बिल

जीएसटी नंबर घालून पक्के बिल घ्यावे. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर असावा. 'आय-सेव्हन कॉम्प्युटर, एक नग' असे बिल आम्ही घेतले आणि म्हणून भांडायला तोंड उरले नाही. सीलबंद डब्यातला प्रोसेसर आणि सुटा प्रोसेसर यांच्या वॉरंटीत फरक असू शकतो, तोही आधी विचारावा.

धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावरील कराचे क्रेडिट मिळते; कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला मिळत नाही. मशीन अर्धे घरचे असेल तर धंद्यापुरत्या भागाचेच क्रेडिट घ्यावे आणि आपल्या हिशेबनिसाला खरे सांगावे. हप्त्यावर घेणाऱ्यांनी 'नो कॉस्ट ईएमआय' हे शब्द तपासून पाहावेत. पुष्कळदा विक्रेता तेवढी सूट देतो, पण बँकेच्या कागदावर व्याज लागते आणि त्या व्याजावर जीएसटीही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी पैसे साठवून रोखीने घ्यावे. सहा महिने थांबल्याने खेळ पळून जात नाही.

कोणी काय घ्यावे

भाव आम्ही लिहीत नाही, कारण ते आठवड्याला बदलतात. दर्जा सांगतो.

१) पैसा कमी, खेळ हलका : रायझनचा 'जी' अक्षराचा सहा कोअरचा प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एसएसडी. वेगळे कार्ड नको. बिलिंग, भरतकामाची डिझाईन, 'एज ऑफ एम्पायर्स २' उत्तम चालेल. 'एज ऑफ एम्पायर्स ४' खालच्या चित्रावर चालेल. पुढे कार्ड घालता येते.

२) मध्यम : आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० च्या तोडीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचे मध्यम कार्ड, १ टीबी एसएसडी. बहुतेक घरांना एवढेच पुरे.

३) मोठा खेळ, मोठा खर्च : 'एक्स३डी' प्रोसेसर, ३२ जीबी रॅम. 'टोटल वॉर' सारखा खेळ रोज खेळणाऱ्यालाच याचा उपयोग. हौसेखातर घेऊ नये.

शेवटी परीक्षा

शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तेथे जाणता माणूस साज पाहून घोडा घेत नाही. चालवून, पळवून, दम पाहून घेतो. संगणकही तसाच घ्यावा. घरातल्या मुलाकडून मोठ्या फौजेची साठवलेली लढाई पेनड्राइव्हवर घ्या आणि ती विक्रेत्याच्या मशीनवर चालवून पाहा. 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये तर अशी परीक्षा खेळातच दिलेली आहे; चित्राची वेगळी आणि डावांमधल्या विचाराला किती वेळ लागतो याची वेगळी. विक्रेता परीक्षा घेऊ देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

आम्ही अखेर पेटी, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि ते मोठे कार्ड ठेवले. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एवढेच बदलले, कारण जुनी रॅम नव्या बोर्डात बसत नाही. या वेळी भाचा स्वतः नंबर लिहून घेऊन गेला आणि सौदाही त्यानेच केला. आता दिवसा त्या मशीनवर दुकानाची बिले निघतात आणि रात्री इशानंतर तासभर लढाई चालते. परवा शेजारच्या शिलाई कारखान्याचे मालक संगणक घ्यायला निघाले, तेव्हा त्यांनी आम्हाला बरोबर येण्यास सांगितले. आम्ही भाच्याला पाठवले.